खाली डॉगरिज, वर थॉमसन

दिंडोरी तालुक्यातल्या निर्यातीच्या द्राक्षबागेत शिरून खोडाकडे वाकून पाहिलं, तर जमिनीपासून थोड्या उंचीवर एक गाठ दिसते. गाठीच्या खाली डॉगरिज, म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सासचं रानवट, काटक मूळ. गाठीच्या वर थॉमसन, म्हणजे मूळचं पश्चिम आशियातलं वाण, ज्याला नाव मात्र कॅलिफोर्नियातल्या एका बागायतदाराचं चिकटलं. ही दोघं मोहाडी, जानोरी, लखमापूरच्या शिवारात गुण्यागोविंदानं नांदतात, त्यांची द्राक्षं बोटीनं युरोपात जातात आणि ‘वेल अस्सल आहे ना?’ असं बागायतदाराला कोणी विचारत नाही. त्याच बागायतदाराच्या मुलानं मात्र जुन्या झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवलं, तिला दुसऱ्याच गाडीच्या सीटा आणि तिसऱ्या गाडीची चाकं लावली, की पारावरचे जाणते एकमुखानं निकाल देतात: चांगल्या गाडीची वाट लावली. कंपनीला काय कळत नव्हतं? माझं म्हणणं असं की, एका गाडीचा भाग दुसरीला लावण्यात पाप नाही. तसं असतं तर सगळा तालुका पापी ठरला असता. बिघडतं ते लावायच्या क्रमात. बाप बागेत जो क्रम डोळे मिटून पाळतो, तो मुलगा गॅरेजमध्ये नेमका उलटा करतो.

आधी ‘कंपनीला काय कळत नव्हतं’ याचा हिशेब करू. ओरिजिनल गाडी हा आपल्याकडे भक्तीचा विषय आहे. जुनी गाडी विकणारा माणूस वयाबद्दल थोडं, ॲव्हरेजबद्दल बरंच खोटं बोलेल, पण ‘सगळं ओरिजिनल आहे’ हे सांगताना त्याचा आवाज सद्गदित होतो. आता ही ओरिजिनल मंडळी पाहा. १९८५ साली प्रीमियर कंपनीनं ११८ एनई नावाची गाडी काढली. तिचं अंग इटलीच्या फियाट १२४ चं आणि पोटात जपानच्या निसानचं १,१७१ सीसीचं इंजिन. त्या आधीच्या वर्षी आलेली काँटेसा ही इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची काया. तिच्यात सुरुवातीला दीड लिटरचं अँबॅसिडरचं इंजिन होतं. अंग पैलवानाचं आणि दम हेडक्लार्कचा, असा तो प्रकार. पुढे तिला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं आणि तेच इसुझू मग खुद्द अँबॅसिडरमध्येही गेलं. आपल्या महिंद्रांनी तर १९४७ च्या सुमारास माझगावात अमेरिकेच्या विलिज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे डिझेलची गरज पडली तेव्हा जीपमध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन बसवलं आणि त्यानंतर फ्रान्सच्या पेजोचं. जीपमध्ये ट्रॅक्टरचं इंजिन! हेच काम दिंडोरीच्या नाक्यावर एखाद्या मिस्त्रीनं केलं असतं तर आपण त्याला जुगाड म्हणून हसलो असतो. कंपनीनं केलं, तर त्याला मॉडेल नंबर मिळाला आणि बँकेनं त्यावर कर्ज दिलं.

कोणी म्हणेल, ही सगळी गरिबांची कहाणी. लायसन्स-परमिटच्या दिवसांत मिळेल ते जोडावं लागे. खऱ्या स्पोर्ट्स कारचं तसं नसतं. तिथे तर अधिकच तसं असतं. इटलीच्या लॅम्बोर्गिनी डियाब्लोला अखेरच्या वर्षांत डोळे होते ते निसान ३००झेडएक्सचे. ॲस्टन मार्टिन डीबी७ च्या मागच्या लाल दिव्यांचं माहेर माझदा ३२३. जॅग्वार एक्सजे२२०, जी एकेकाळी जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांत गणली जात होती, तिचे मागचे दिवे चारचौघांच्या रोव्हर २०० चे. म्हणजे कोट्यधीश माणूस पुढे सुसाट जायचा आणि मागे राहिलेल्याला वाटायचं, शाळेचे मास्तर गेले वाटतं. यामागचं कारण लबाडीचं नाही, हिशेबाचं आहे. एक नवा दिवा काढायचा तर त्याचा साचा करा, तो गळतो का पाहा, उजेड किती पडतो ते मोजा आणि देशोदेशीचे शिक्के मिळवा. काही शे गाड्यांसाठी हा खर्च कोणालाच परवडत नाही. ज्याच्यावर आधीच शिक्का बसलाय तो दिवा विकत घ्यायचा आणि आपल्या अंगात बसवायचा, हे शहाणपण. टोयोटानं २०१९ साली आपली लाडकी सुप्रा पुन्हा आणली तीही बीएमडब्ल्यूच्या झेड४ सोबत एकाच पायावर, बीएमडब्ल्यूच्याच इंजिनासह. जपानी अभिमानाचं बोनेट उघडलं की आत जर्मनी.

मराठी मुलखाजवळच्या दोन स्पोर्ट्स कारही याच पंथाच्या. गोव्यात सॅन मोटर्सनं सॅन स्टॉर्म नावाची छोटी, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी बनवली; अंग फायबरचं आणि इंजिन रेनॉचं १.२ लिटरचं, साठेक अश्वशक्तीचं. नाव वादळ, पण जोर झुळकेचा. दुसरी डीसी अवंती, दिलीप छाब्रियांची, जी २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत पहिल्यांदा दिसली. तिच्याही पाठीत रेनॉचंच इंजिन, पण दोन लिटरचं, टर्बोवालं. दोन्हींना नावं ठेवता येतील आणि ठेवलीही गेली, पण दुसऱ्याचं इंजिन घेतलं म्हणून ठेवली असतील तर ते चूक. अस्सलपणाचा ज्यांना जगात सर्वांत जास्त ताठा, त्या फ्रान्सच्या वाइनवाल्यांच्या वेलीसुद्धा फिलॉक्सेरा किडीनं एकोणिसाव्या शतकात मुळापासून खाल्ल्या, तेव्हा अमेरिकन खुंटावर कलम करूनच वाचल्या. टेक्सासमधल्या डेनिसन गावच्या मन्सन या फळतज्ज्ञाला त्याबद्दल फ्रान्सनं १८८८ साली सन्मान दिला. शिवाय ‘फ्रेंच वाइन’ हे नाव तसंच ठेवलं, हे विशेष.

तेव्हा अस्सलपणाचा मुद्दा इथे निकालात काढू आणि क्रमाकडे येऊ. डॉगरिज कशासाठी? तर खारवट पाणी, चुनखडीची जमीन आणि उन्हाळ्यातली टंचाई सोसायला. बागायतदार आधी उन्हाळ्याच्या तोंडाला डॉगरिजची रोपं लावतो, त्यांना वाढू देतो, मुळं खोल गेली, खोड पेन्सिलीपेक्षा जाड झालं की पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर थॉमसनची काडी भरतो, पट्टी गुंडाळतो आणि वाट पाहतो. पहिल्या दिवसापासून त्याचं सगळं लक्ष घडावर असतं, यात शंका नाही. पण हात मुळापासून सुरू होतो. ओझं वाहणारं आधी, ओझं मागाहून. कोणताही भाग कोणत्याही गाडीला लावा, पण हा नियम मोडला की नाकापेक्षा मोती जड होतो.

जगातली सर्वांत गाजलेली कलमी स्पोर्ट्स कार हेच सांगते. इंग्लंडच्या एसी कंपनीची एस ही देखणी, हलकी गाडी होती. तिला ब्रिस्टलचं दोन लिटरचं इंजिन मिळायचं, ते मिळेनासं झालं. अमेरिकेतल्या कॅरल शेल्बीनं १९६२ साली त्या अंगात फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-आठ इंजिन बसवलं आणि शेल्बी कोब्रा जन्मली. गोष्ट सांगणारे इथेच थांबतात, कारण इथे टाळी मिळते. पण त्या गाडीचा मागचा डिफरन्शियल आधी बदलून दणकट करावा लागला होता. पुढे सात लिटरचं इंजिन घालायची हौस आली तेव्हा तर १९६५ साली चॅसीच नवी केली: तीन इंची नळ्यांच्या जागी चार इंची, पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा. वरून बघणाऱ्याला तीच गाडी दिसली. खालून पाहणाऱ्याला खुंट बदललेला दिसला. शेल्बी काही साधुसंत नव्हता, शर्यती जिंकायला निघालेला अमेरिकन होता, पण एवढं त्याला कळत होतं.

आणि अमेरिकेपर्यंत जायला नको. जानोरीच्या शिवेला लागून असलेल्या ओझरच्या एचएएलमध्ये पाहिलं तरी पुरे. तिथे जोडलं जाणारं सुखोई-३०एमकेआय हे विमान आपल्या झेनवाल्या पोराला लाजवील इतकं मिश्र आहे: सांगाडा आणि इंजिनं रशियाची, वैमानिकासमोरच्या पडद्यांत आणि यंत्रणांत फ्रान्स आणि इस्राएलचा वाटा, संगणक भारताचे. त्यातल्या एकाच्या पोटाखाली अडीच टनांचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र लटकवायचं ठरलं. हेही एका परीनं ॲक्सेसरी बसवणंच झालं. पण ते बसवण्याआधी पोटाखालची बांधणी मजबूत केली, मग २५ जून २०१६ रोजी नाशिकवरून ते क्षेपणास्त्र नुसतं लटकवून उड्डाण केलं, आणि प्रत्यक्ष मारा करून पाहिला तो २२ नोव्हेंबर २०१७ ला, बंगालच्या उपसागरावर. लटकवणं आणि उडवणं यांत जवळपास दीड वर्ष. दिंडोरीत मात्र शुक्रवारी रात्री बसवलेल्या इंजिनानं शनिवारी सकाळी वणीला देवीच्या दर्शनाला जायचं असतं, आणि तेही सप्तशृंग गडाच्या घाटातून. देवी पावतेही. पण तिच्यावर किती भार टाकायचा?

आता गॅरेजमधला उलटा क्रम जवळून पाहू. हौशी माणूस सर्वप्रथम मागे स्पॉयलर लावतो. स्पॉयलरचं काम हवेच्या जोरावर गाडीचं ढुंगण रस्त्याला दाबून धरायचं, आणि हा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. १६० च्या वेगाला जो दाब मिळतो त्याचा सोळावा हिस्सा ४० ला मिळतो. नाशिक-दिंडोरी रस्त्यावर टोमॅटोच्या हंगामात पुढे कॅरेटनं शिगोशीग भरलेल्या पिकअपांची रांग असते आणि चाळिसाचा वेग म्हणजे चैन असते. तेव्हा तो स्पॉयलर प्रत्यक्षात डिकी उघडताना हाताला लागणं आणि वर एखादा कावळा बसणं, एवढ्याच कामाला येतो. दुसरा नंबर सायलेन्सरचा. गाडी पळत नसली तरी पळतेय असं निदान पंचक्रोशीला वाटावं, म्हणून आतल्या जाळ्या काढून टाकतात. असले सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवण्याचे कार्यक्रम पोलीस अधूनमधून करतात. त्याला गर्दीही चांगली जमते. तिसऱ्या नंबरावर मोठ्या रिमांची चाकं आणि त्यांवर पट्टीसारखे पातळ टायर, जे आमच्या रस्त्यांवरच्या पहिल्याच खड्ड्यात रिमसकट नमस्कार घालतात. चौथं म्हणजे पुढच्या काचेवर घराण्याचं किंवा दैवताचं नाव, इतकं ठसठशीत की ज्यातून रस्ता पाहायचा तीच काच अर्धी झाकावी.

एवढं झाल्यावर इंजिनाची पाळी येते, आणि इथे मला त्या मिस्त्रीबद्दल आदर वाटतो हे आधीच सांगतो. झेनचं ९९३ सीसीचं इंजिन आणि एस्टीमचं १,२९८ सीसीचं, दोन्ही सुझुकीच्या एकाच जी मालिकेतली भावंडं. म्हणून हे कलम लागतं. भलत्याच घराण्यातलं इंजिन आणलं की माउंटिंगच्या पट्ट्या वेल्डिंग करून घ्याव्या लागतात, आणि तिथूनच थरथर सुरू होते. इंजिन साखळीला टांगून हळूहळू खाली सोडायचं, एकानं खालून बोल्टचं भोक जुळतंय का पाहायचं, दुसऱ्यानं पान्याच्या दांड्यानं टेकू द्यायचा, तिसऱ्यानं उगीच सल्ला द्यायचा. मग वायरिंगचा गुंता: कोणता सेन्सर कोणत्या गाडीचा, कोणती वायर कापली तर फॅन चालतो आणि कोणती कापली तर मीटरचा काटा मरतो. हे सगळं कागदावर नकाशा नसताना करणारा माणूस अडाणी नाही. त्याची अक्कल नेमकी कुठे कमी पडते? तर गिऱ्हाईकाचं बजेट संपतं तिथे. इंजिन बसलं, गाडी चालू झाली, पेढे वाटले. रेडिएटर जुनाच, क्लच जुनाच, ड्राइव्हशाफ्ट जुनेच आणि ब्रेक तर जुनेच. साठच्या वेगात गाडीत जितकी ऊर्जा असते त्याच्या चौपट एकशेवीसला असते, आणि थांबायच्या वेळी ती सगळी उष्णता होऊन त्या पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रमांनी पचवायची असते, जे कंपनीनं आधीच्या ताकदीच्या हिशेबानं दिलेले. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचेच हब, डिस्क, शाफ्ट आणि रेडिएटर सोबत घेतले असते तर खर्च थोडा वाढला असता. पण तो पैसा आधीच स्पॉयलरमध्ये गेलेला असतो. आधी कळस, मग पाया आणि मध्ये म्युझिक सिस्टीम.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जड आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं, की उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापासून गाडी ढळता कामा नये. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं: बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे शब्द आमच्या हौशी मित्रांनी नीट वाचावेत. वर सांगितलेल्या गाडीचा गुणाकार केला तर दंडाच्या रकमेत दुसरी झेन यावी. एमएच-१५ ची पाटी पाहून आरटीओचा माणूस आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि बोनेटखालचा नंबर ताडून पाहतो आणि बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल म्हणतो. त्याचं चुकत नाही. चोरीच्या गाडीचं इंजिन असंच फिरतं. नाशिकचा अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेनं २०१७ च्या जानेवारीत हटवला, त्या आधी आणि नंतरही, भंगारातल्या मालाची जन्मपत्रिका मागणं हे पोलिसांचं कर्तव्यच आहे. शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनी न कळवलेला बदल दाखवून हात वर करते, आणि समोरच्या माणसाचा यात काही दोष नसतो.

हे सगळं मान्य करूनही कायद्याचा राग भाग जोडण्यावर आहे असं मला वाटत नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट कायदा बसवू देतो. दिव्यांग माणसाला चालवता यावी म्हणून केलेला बदलही चालवून घेतो. त्याला नको आहे तो बेहिशेबी बदल. आणि हिशेबाची वाट सामान्य माणसाला कशी नसते याचा सर्वांत गोड दाखला देवराष्ट्र्याचा. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावी, सांगली जिल्ह्यात, दत्तात्रय लोहार या कारागिरानं भंगारातले भाग जमवून साठेक हजार रुपयांत एक चिमुकली जीप बनवली. तिला दुचाकीसारखी किक होती. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आज ना उद्या नियमांमुळे ही गाडी अडवली जाईल हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ती मिळालीही. आवळा देऊन कोहळा काढला, असं सगळे म्हणाले. मला मात्र बोलेरोची वंशावळ आठवली. नाशिकच्या कारखान्यात घडलेली ही गाडी आर्माडाच्या पोटची, आर्माडा जीपच्या घराण्यातली, जीप मूळची विलिजची, आणि २००० साली बोलेरो आली तेव्हा तिच्यात इंजिन होतं पेजोचं. म्हणजे लोहारांनी एक कलमी गाडी देऊन दुसरी कलमी गाडीच घेतली. फरक इतकाच की दुसरीच्या कलमावर शिक्का होता.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. कंपनीकडे इंजिनिअर असतात, पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे, तिथे गाडी ठोकून, तापवून, थांबवून पाहतात. मिस्त्रीकडे फक्त कान असतो. कान चांगला असला तरी तो ब्रेकचं तापमान ऐकू शकत नाही. अगदी खरं. पण मग त्या कानाला परीक्षेला बसू द्या ना! इंग्लंडात एकट्या माणसानं घरी जोडलेल्या एकेकट्या गाडीचीही तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर, टोकदार कडा पाहतात, पास झाली तर नंबर देतात, नापास झाली तर यादी हातात देऊन घरी पाठवतात. जर्मनीतही बदल केलेल्या गाडीला तपासणी करून कागदावर नोंद मिळते. तिथले हौशी लोक काही कमी वेडे नाहीत, पण त्यांच्या वेडाला आधी ब्रेकच्या रोलरवरून जावं लागतं. हे आपल्याला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी दिंडोरीतला एखादा बागायतदार गाठावा. २०१० साली युरोपनं आपली द्राक्षं सीसीसी या वाढरोधकाच्या अंशावरून परत पाठवली, तेव्हा हा तालुका रडकुंडीला आला होता. त्यावर उपाय म्हणून द्राक्षाला बंदी घातली नाही किंवा ‘मूळ वेलीचीच द्राक्षं चालतील’ असाही फतवा निघाला नाही. निर्यातीसाठी प्लॉटची नोंदणी होते, फवारणीची वही ठेवावी लागते, प्लॉटवरून नमुना जातो, प्रयोगशाळेचा अहवाल येतो, मगच कंटेनर हलतो. एकेका प्लॉटचा असा हिशेब ठेवणारी सरकारी यंत्रणा एकेका गाडीचा ठेवू शकत नाही, हे मला पटत नाही. गाड्या तर द्राक्षांपेक्षा कमी नाशवंत असतात.

तिसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: पण मुळात दिंडोरीत स्पोर्ट्स कार हवीच कशाला? पुढे पिकअप, मागे ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर, मध्ये स्पीडब्रेकर, पळवणार कुठे? याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते असायची गरजही नाही. गरजेच्याच वस्तू करायच्या तर वाइन तरी कशाला करायची? हौस ही हौस असते. पळवायचीच असेल तर नाशिकमध्ये ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ भरत आली आहे, बंद रस्त्यावर, हेल्मेट घालून, आणि तिथे गाडी उभी करण्याआधी तिचा लोखंडी पिंजरा, पट्टे आणि ब्रेक तपासतात. स्पॉयलरची चौकशी फारशी होत नाही. नाशिकचा हा जुना छंद गावच्या पोरांनी निदान पाहायला तरी जावं.

तेव्हा दोन विनंत्या. परिवहन खात्याला अशी, की एकेकट्या गाडीच्या तपासणीची एक खिडकी उघडावी, फी भरपूर ठेवावी, नापास करण्याचा हक्क राखावा आणि पास झालेल्या गाडीच्या आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून द्यावा. आणि झेनवाल्याला अशी, की ती खिडकी उघडेपर्यंत ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नकोस. स्वतःच्या मळ्यात काय ती पळव. पैशांची सुरुवात पुढच्या डिस्क आणि ब्रेक पॅडपासून कर, मग हब, शाफ्ट, क्लच, रेडिएटर, त्यानंतर इंजिन. शेवटी काही उरलेच तर स्पॉयलर घे, उरणार नाहीत.